संगणकावरील युद्धखेळ, त्यांचीं परीक्षणें आणि इंदापूर परगणा

बखर, शकावली, करीना, महजर, कौलनामा, ताळेबंद यांपैकीं कोणत्या साधनावर किती भार टाकावा याविषयीं आपल्याकडे शंभर वर्षांहून अधिक काळ वाद चालला आहे, व त्यांतून पुराव्याचे कांहीं सर्वमान्य नियमहि निघाले आहेत. प्रस्तुत लेखांत ज्या साधनाचा विचार करावयाचा तें या यादींत बसणारें नाहीं. तें म्हणजे संगणकावर खेळावयाचा ऐतिहासिक युद्धखेळ. असल्या विषयास या पृष्ठांत जागा कशाला, अशी शंका कांहीं वाचकांस येईल. आमचें उत्तर एवढेंच कीं, आज कॉलेजांत जाणारा मुलगा किल्ला, फौज, शेत आणि खजिना यांचा परस्परसंबंध प्रथम शिकतो तो सभासदाच्या बखरींतून नव्हे व ग्रांट डफच्या ग्रंथांतूनहि नव्हे. तो या खेळांतून शिकतो. साधन खोटें असेल तर तें नेमकें कोठें खोटें आहे हें सांगण्याचें काम संशोधकाचेंच आहे. खेळांचे परीक्षक तें करीत आले आहेत काय, हा या लेखाचा प्रश्न.

विचार सुचण्यास निमित्त झालें तें अंथुर्णें येथें. हा गांव बारामती व इंदापूर यांच्या दरम्यान, इंदापूर तालुक्यांत आहे. तेथें एका आप्तांकडे मुक्काम असतां घरांतील मुलगा, थोरल्या भावानें पूर्वीं आणलेल्या तबकडीवरून, संगणकावर खेळत होता. निवडलेल्या नकाशाचें नांव 'दख्खन' असें दिसल्यावरून आम्ही खुर्ची ओढून शेजारीं बसलों. मुलगा हिंदी फौजेचा धनी होता. त्याची रयत भाताच्या खाचरांत राबत होती. खिडकीबाहेर कालव्याच्या पाण्यावरचा ऊंस, आणि पलीकडे जिराइतांत ज्वारी. "काका, ह्यांत ज्वारी पेरतांच येत नाहीं," असें तो आपण होऊन हंसत म्हणाला. नामांकित परीक्षकांच्या लेखणींतून जें वाक्य उतरलेलें आम्हांस आढळलें नाहीं, तें अंथुर्ण्याच्या मुलाच्या तोंडून सहज बाहेर पडलें.

ज्यांस हा खेळ परिचित नाहीं त्यांच्यासाठीं थोडक्यांत खुलासा करतों. बुद्धिबळांत पाळीपाळीनें चाल होते. या खेळांत पाळी नाहीं. दोन्ही पक्षांचा व्यवहार घड्याळाबरोबर एकाच वेळीं चालतो. रयतेकडून अन्न, लांकूड, सोनें जमवावें, त्यावर इमारती उठवाव्या, सैन्य उभारावें व शत्रूचा पाडाव करावा, असा क्रम आहे. या जातीच्या खेळांत 'एज ऑफ एम्पायर्स' ही मालिका सर्वांत प्रसिद्ध. अमेरिकेंतील टेक्सास संस्थानांतल्या डॅलस शहरीं एन्सेम्बल स्टुडिओज या संस्थेनें ती रचिली व मायक्रोसॉफ्ट कंपनीनें प्रसिद्ध केली. पहिला खेळ १९९७ चा; दुसरा, 'दि एज ऑफ किंग्ज', १९९९ चा.

दुसऱ्या खेळाचें स्वागत अपूर्व झालें. निरनिराळ्या परीक्षणांतील गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकलनांत त्यास शंभरांपैकीं ९२ गुण आहेत. परीक्षकांनीं वाखाणलें तें सैन्याच्या रांगा नीट धरून चालणें, रिकामा बसलेला मजूर चटकन् सांपडणें, निरनिराळ्या लोकांच्या सैन्यांतील समतोल, यांस. खेळाचा काळ रोमच्या पतनापासून तोफांच्या आगमनापर्यंतचा, म्हणजे आपल्याकडील राष्ट्रकूट, चालुक्य, चोल आणि यादव यांचा. त्यांत तेरा लोक होते: ब्रिटन, फ्रँक, गॉथ, ट्यूटन, केल्ट, व्हायकिंग, बायझंटाईन, इराणी, सरासेन, तुर्क, मंगोल, चिनी व जपानी. हिंदुस्थानांतील एकहि नाहीं. वेरूळचें कैलास लेणें ज्या काळांत कोरलें गेलें त्या काळाचा हा खेळ. पण ९२ गुणांच्या हिशेबांत हिंदुस्थानच्या गैरहजेरीनें उणें-अधिक झालें असें दिसत नाहीं.

ती उणीव भरून काढण्यास आरंभ केला तो मूळ कर्त्यांनीं नव्हे. खेळाच्या कांहीं नादिष्ट चाहत्यांनीं हौसेखातर एक पुरवणी रचिली; तिचेंच पुढें २०१३ सालीं 'दि फरगॉटन' या नांवानें अधिकृत प्रकाशन झालें. तींत 'हिंदी' म्हणून एकच लोक आला: काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच फौज, एकच भाषा, एकच वास्तुशैली. एप्रिल २०२२ मध्यें 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' या पुरवणीनें त्याचे चार केले: हिंदुस्थानी, बंगाली, गुर्जर व द्रविड. चोल राजेंद्र, पाल देवपाल व मोंगल बाबर यांच्या मोहिमा तींत आहेत. सुधारणा मोठी, आणि तिचें श्रेय द्यावयास हवें. तरीहि देवगिरीचा यादव किंवा गुलबर्ग्याचा बहामनी आपल्या नांवानें येथें उभा राहूं शकत नाहीं. गोदा आणि कृष्णा यांच्यामधला मुलूख गुर्जर, द्रविड व हिंदुस्थानी या तिघांच्या मध्यें कोरा राहिला आहे.

आतां तिसऱ्या खेळाकडे वळूं, कारण अंथुर्ण्यास पाहिला तो हाच. तो २००५ सालचा. मेटाक्रिटिकवर त्यास ८१ गुण. पाण्यावरील प्रकाश, गोळा लागल्यावर भिंतीचे उडणारे तुकडे, यांची स्तुति झाली. मागील खेळाच्या मानानें कल्पकता कमी, अशी कुरकुरहि झाली. खप मात्र दांडगा झाला: मे २००७ पर्यंत वीस लाख प्रती. २००७ च्या ऑक्टोबरांत त्याची 'दि एशियन डायनॅस्टीज' ही पुरवणी निघाली व तींत चिनी, जपानी व हिंदी असे तीन लोक आले. तिला ८० गुण. नवीं पथकें, हत्ती, आणि राज्यास पुढील युगांत नेणाऱ्या अद्भुत इमारती यांचें परीक्षकांनीं कौतुक केलें.

या हिंदी लोकांची परिभाषा मराठी कागदपत्रें वाचणाऱ्यानें तपासण्यासारखी आहे. 'सोवार' नांवाचें एक पथक आहे. आणि तें उंटावर बसतें. आपल्या दप्तरांत स्वार म्हटला कीं घोडेस्वार. उंटावरच्यास सांडणीस्वार म्हणावयाचें, व त्याचें मुख्य काम जासुदीचें. 'माहूत लान्सर' हा हत्तीवरून भाला चालवितो. परंतु माहूत म्हणजे अंकुश धरून हत्ती हांकणारा, भालाईत नव्हे. 'हौदा' हें तर लढवय्याचेंच नांव करून टाकलें आहे. बसावयाच्या आसनास सैनिक ठरविणें म्हणजे खोगिरास शिलेदार म्हणण्यासारखें आहे. 'जंबुरक' मात्र बरोबर साधला आहे. उंटाच्या पाठीवर लहान फिरती तोफ, हें वर्णन १७६१ च्या पानिपतावर अब्दालीनें वापरलेल्या जंबुरकांशीं नीट जुळतें. अर्थात् शब्दकोश उघडून काम झालें, त्यांतील अर्थ मात्र अर्धेच वाचले गेले, असा आमचा ग्रह झाला.

राज्यास पुढील युगांत नेणाऱ्या पांच इमारती म्हणजे आग्र्याचा किल्ला, चारमिनार, करणीमातेचें देऊळ, ताजमहाल व चितोडचा विजयस्तंभ. कुतुबशाही, मेवाड, बिकानेर व मोंगल यांचें एकच राज्य झालें! आणि भाताचें खाचर: आशियांतील तिन्ही लोकांस एकच. दख्खनच्या नकाशावरहि हिंदी रयत भातच लावते. भीमा व नीरा यांच्यामधील पर्जन्यछायेच्या मुलखांत, जेथें नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास येईपर्यंत ज्वारी-बाजरीवांचून गत्यंतर नव्हतें, तेथें हा प्रकार विनोदी वाटतो.

आणखी एक गोष्ट. याच पुरवणींत धर्मपंथांचीं ठाणीं आहेत. त्यांच्याशीं सख्य केल्यास लढवय्ये मिळतात. त्यांपैकीं 'भक्ति' पंथाकडून मिळणारा वीर हातांत वाघनखें घालून येतो. भक्तिसंप्रदाय आणि वाघनखें यांची ही सोयरीक कोणीं जुळविली, हें कळण्यास मार्ग नाहीं. वाघनखें म्हटलीं कीं १० नोव्हेंबर १६५९ चा प्रतापगडचा प्रसंगच जगास आठवतो, म्हणून तीं कोठें तरी बसविलीं इतकेंच. येथें वाचकांस अलीकडील वाद आठवेल. लंडनच्या व्हिक्टोरिया व अल्बर्ट संग्रहालयांतील वाघनखें जुलै २०२४ मध्यें साताऱ्याच्या संग्रहालयांत प्रदर्शनासाठीं आणिलीं गेलीं. तीं साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रांट डफ याच्याकडून आलेलीं; अफझलखानाशीं त्यांचा संबंध लागतो तो पेटीवरील लेखामुळें, व त्या संबंधाची खात्री देतां येत नाहीं असें संग्रहालयच सांगतें. एका वस्तूविषयीं इतकी काटेकोर चौकशी आपण करतों. आणि लाखों घरांत खेळल्या गेलेल्या खेळांत त्याच वस्तूची केलेली योजना कोणाच्याहि चौकशीवांचून निभावते.

पुरवणींतील हिंदी मोहीम १८५७ ची आहे. नायकाचें नांव 'नानिब साहिर'. तो कंपनीच्या चाकरींतला हिंदी अंमलदार. पुढें सरदार एडवर्डसनच्या जुलुमास कंटाळून उलटतो. हें नांव ऐकतांच बिठूरच्या नानासाहेब पेशव्यांचें स्मरण न झाल्यास नवल. परंतु दुसऱ्या बाजीरावाचे दत्तक पुत्र, पेनशनीच्या हक्कासाठीं विलायतेस वकील पाठविणारे धोंडोपंत, हे कंपनीचे चाकर कधींच नव्हते. कल्पित पात्र करावयाचें तर नांवहि कल्पित असावें; अर्धें नांव इतिहासाचें व अर्धें कर्त्याच्या पदरचें, ही रीति आपल्या उत्तरकालीन बखरकारांची आहे, व तिचे दुष्परिणाम आपण भोगले आहेत.

यावर कोणी म्हणेल, खेळ तो खेळ. परीक्षकानें खेळ चांगला कीं वाईट एवढेंच पाहावें. हें म्हणणें आम्हांस पटत नाहीं, कारण खेळांतला इतिहास केवळ चित्रांत नसून नियमांत असतो. चित्र चुकलें तर डोळ्यास खटकतें. नियम चुकला तर तो हातांत मुरतो. शिवाय असें परीक्षण अशक्य नाहीं, हें पुढें सिद्धहि झालें. २०२० सालीं तिसऱ्या खेळाची नवी आवृत्ति निघाली तेव्हां अमेरिकेंतील मूळ रहिवाशांच्या प्रतिनिधींशीं विचारविनिमय करून 'इरोक्वा' व 'सू' हीं नांवें काढून 'हॉडेनोशोनी' व 'लकोटा' हीं त्या लोकांचीं स्वतःचीं नांवें घातलीं गेलीं. त्यांनीं खाणी खणून सोनें काढावें हा नियम बदलला. अग्निकुंडाभोंवतीं नाचण्याची योजनाहि गेली. आक्षेप आला, ऐकला गेला, व नियम फिरला. दख्खनविषयीं असा आक्षेप कोणीं नोंदविलाच नाहीं, तर दोष एकट्या कर्त्यांकडे कसा जाईल?

मराठे ज्यांत खरोखर मराठे म्हणून येतात तो प्रमुख खेळ दुसऱ्या मालिकेंतला: क्रिएटिव्ह असेंब्ली या इंग्रज संस्थेचा मार्च २००९ मधील 'एम्पायर : टोटल वॉर'. यांत राज्यकारभार पाळीपाळीनें व लढाई मात्र घड्याळाबरोबर चालते, म्हणून शुद्ध वर्गीकरणानें तो निराळा. पण आपल्या विषयास तोच सर्वांत जवळचा. युरोप, अमेरिका व हिंदुस्थान अशीं त्याचीं रणक्षेत्रें आहेत. मेटाक्रिटिकवर ९० गुण. मालिकेंत प्रथमच आलेल्या आरमारी लढाया व खेळाचा प्रचंड विस्तार यांची तारीफ झाली. संगणकानें चालविलेला शत्रु मूर्खासारखा वागतो, ही तक्रारहि लवकरच सार्वत्रिक झाली. या तक्रारींतला एक भाग आपल्या कामाचा आहे. प्रथम प्रसिद्ध झालेल्या स्वरूपांत संगणकाचीं राष्ट्रें सैन्य जहाजांत घालून समुद्रापार उतरवीत नसत; ही उणीव पुढील दुरुस्त्यांत भरून काढावी लागली. परीक्षकांस ती खेळांतली खोट वाटली. आम्हांस ती इतिहासाची वाटते. समुद्रावरून फौज न येतां अठरावें शतक चालवावयाचें, तर मग वसई कशाची, कुलाब्याचे आंग्रे कशाचे, आणि वडगांव तरी कोठलें?

या खेळाचा आरंभ १७०० सालीं होतो व मराठ्यांस 'महासंघ' असें नांव आहे. १७०० च्या मार्चांत राजाराम महाराज सिंहगडावर वारले; एप्रिलांत सातारा औरंगजेबाच्या स्वाधीन झाला. बादशाही छावणी त्यापूर्वीं चार वर्षें, १६९५ ते १६९९, भीमेकांठीं ब्रह्मपुरीस होती. त्या वेळीं महासंघ नव्हता. होती ती ताराबाईंची हिंमत आणि फुटून वाटा शोधणाऱ्या फौजा. महासंघाचा पाया दिसूं लागतो तो १७१९ मध्यें बाळाजी विश्वनाथानें दिल्लीहून स्वराज्य, चौथाई व सरदेशमुखी यांच्या सनदा आणिल्यावर.

पण नांवापेक्षां खरी चूक नियमांत आहे. खेळांत प्रत्येक प्रांतास एकच धनी: जिंकला तो सर्वस्वीं माझा, हरला तो सर्वस्वीं तुझा, रंगहि एकच. आतां १७१९ च्या सनदांचा हिशेब पाहा. मुलूख बादशाहाचा, वसुलाचा चौथा भाग चौथाई म्हणून मराठ्यांचा, वर शेंकडा दहा सरदेशमुखी. चौथाईपैकीं चौथा हिस्सा राजबाबती छत्रपतींची. बाकीच्यांतून शेंकडा सहा साहोत्रा पंतसचिवांस, शेंकडा तीन नाडगौडा राजाच्या मर्जींतील माणसांस. उरला तो शेंकडा सहासष्ट मोकासा सरदारांचा. या सर्वांखालीं देशमुख, देशपांडे, पाटील व कुळकर्णी यांचीं वतनें निराळींच. एका शेताच्या पिकावर इतक्या जणांचे हक्क असतां त्या शेताचा धनी कोण, हा प्रश्न नकाशावर रंग फांसून सुटत नाहीं. मराठ्यांचा विस्तार झाला तो या वांटणीच्या जोरावर. ती वजा करून मराठा पक्ष खेळावयास दिला, तर उरतो तो पगडी घातलेला युरोपियन राजा.

इंदापूर परगणा या बाबतींत फार बोलका आहे, म्हणूनच शीर्षकांत त्याचें नांव घातलें. पुणें, सुपें, चाकण यांबरोबर इंदापूर हा शहाजीराजांच्या जहागिरीचा भाग. पेशवाईंतील त्याचे कागद पुण्याच्या पुराभिलेखागारांत आहेत. मिचिहिरो ओगावा या जपानी अभ्यासकानें त्यांवरून १७६१ ते १८२८ या काळांतील परगण्याच्या सामाजिक व आर्थिक स्थितीवर पुणें विद्यापीठांत प्रबंध लिहिला आहे. अशा दप्तरांत एक गोष्ट पुनः पुनः दिसते ती ही कीं, रयत निघून जाते. होळकरी धामधूम व तिच्या पाठोपाठ आलेला १८०३–०४ चा दुष्काळ यांनीं हा सारा टापू ओस पाडला. मग सरकार इस्तावा कौल देतें: पहिल्या वर्षीं थोडका सारा, पुढें क्रमानें चढता, पण परत या, जमीन लावा. कौलनामा हा कागद जन्मासच आला तो रयत पळूं शकते म्हणून.

या खेळांत रयत कधींच पळत नाहीं. तिला उपासमार नाहीं, तगाई नाहीं, शेजारच्या संस्थानांत जाऊन वसण्याची मोकळीक नाहीं. हिंदी पक्षाची रयत तर लांकूड मोजून दिलें कीं निर्माण होते. शेताचें उत्पन्नहि ठरलेल्या गतीनें येतें. पावसाचा संबंध नाहीं.

असा हिशेब इंदापुरावर एकदां खरोखरच करून पाहिला गेला आहे. १८२८ ते १८३० या अवधींत आर. के. प्रिंगल या इंग्रज अंमलदारानें पुणें जिल्ह्याची पाहणी केली व रिकार्डोच्या भूमिभाड्याच्या सिद्धांतास अनुसरून प्रत्येक प्रकारच्या जमिनीचें निव्वळ उत्पन्न ठरवून त्याचे शेंकडा ५५ सरकारचे, असा नियम घातला. नियम सुटसुटीत होता. मोजणींत लबाड्या झाल्या, उत्पन्नाचे अंदाज फुगले, भाव पडले. आणि इंदापूरची रयत शेतें टाकून निजामाच्या मुलखाकडे व इतरत्र चालती झाली. त्या पद्धतीचें खरें परीक्षण रयतेच्या पायांनीं केलें, आणि तें सरकारला ऐकावें लागलें. १८३६ मध्यें गोल्डस्मिड व विंगेट यांनीं नवी जमाबंदी सुरू केली ती इंदापुरांतच. मातीचा रंग व खोली पाहून नऊ प्रती, आण्यांचें प्रमाण, सौम्य दर, तीस वर्षांची मुदत. सबंध मुंबई इलाख्यास पुढें हाच कित्ता झाला. १८६७ च्या सुमारास येथील दर पुनः वाढविले गेले. १८७५ चे शेतकऱ्यांचे दंगे याच बाजूस, सुप्यास, सुरू झाले. दोहोंचा संबंध किती, यावर मतभेद आहेत.

खेळाच्या नियमांत दुष्काळ, कौल व परागंदा रयत घालणें अशक्य आहे असें कोणीं समजूं नये. खाणीचा नियम बदलूं शकतो तर हाहि बदलेल. मागणी मात्र कागदानिशीं झाली पाहिजे. इंदापूर परगण्याचा एखादा ताळेबंद व दोन-चार इस्तावा कौल निवडून, त्यांवरून रयतेच्या येण्याजाण्याचें कोष्टक तयार करून देणें हें आपल्यापैकीं कोणासहि एका पावसाळ्यांत होण्यासारखें काम आहे.

शेवटीं संग्राहकांसाठीं एक सूचना. या खेळांचे पाठभेद होतात, व ते पोथ्यांच्या पाठभेदांहून वाईट आहेत. कारण नवी आवृत्ति दूरस्थ यंत्रावरून येऊन जुनीस घरबसल्या पुसते. १९९९ चा मूळ पाठ, २०१३ चा एकजात 'हिंदी' पाठ, २०१९ ची संशोधित आवृत्ति व २०२२ चा चार लोकांचा पाठ हे सारे त्याचे निरनिराळे पाठ आहेत. ९२ गुण देणाऱ्या परीक्षकानें कोणता पाठ वाचला होता, हें पाहावयाचें तर जुन्या तबकड्याच हुडकाव्या लागतात. त्या रद्दींत जात आहेत. अंथुर्ण्याच्या घरीं २००५ व २००७ या सालांच्या तबकड्या निघाल्या. वेष्टनें फाटलीं होतीं, एक तबकडी चरे पडलेली. मुलाच्या संमतीनें त्या आणिल्या, प्रत्येकीबरोबर साल, आवृत्ति व मिळाल्याचें ठिकाण लिहिलेली चिठ्ठी ठेवली, आणि इंदापुरी कागदांच्या शेजारींच निराळ्या रुमालांत बांधून ठेविल्या आहेत.